सडा, स्विफ्ट आणि सव्वा मिनिट

गाडी आमची २०१४ सालची स्विफ्ट, पेट्रोल, व्हीएक्सआय. घर रत्नागिरीत, बाजारपेठेत माझं मेडिकल स्टोअर. गाडीचं काम म्हणजे दुकान, मुलीची शाळा, महिन्यातून दोनदा लांज्याला माहेर आणि गणपतीत मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं. एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत. मागच्या डाव्या दाराला पोचा आहे, तो आता कायमचा. आरसी नवऱ्याच्या नावावर आहे. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्यावरून अडलं.

या गाडीने मी १९ जानेवारी २०२५ला ऑटोक्रॉसमध्ये भाग घेतला आणि आमच्या गटातल्या चौदा जणांत अकरावी आले. मग लिहायचं कशाला? तर जुलैपासून जानेवारीपर्यंत प्रत्येक पायरीवर मला वाटत होतं की हे बाकी सगळ्यांना माहीत आहे, फक्त मलाच माहीत नाही. पुण्या-कोल्हापुराकडे विचारायला माणसं आहेत. इथे ज्याला विचारावं तो आधी हसायचा आणि मग म्हणायचा, "वहिनी, तुम्ही?"

ज्यांना ऑटोक्रॉस म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मोकळ्या जागेत रस्त्याच्या कामावर असतात तसे प्लास्टिकचे कोन मांडून वळणावळणाची वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात. शेजारी कोणी नाही, ओव्हरटेक नाही, घड्याळाशी सामना. कोन पाडला की वेळेत सेकंद वाढतात, वाट चुकली की फेरी बाद. डांबरावरही होतं, मातीवरही. वेग ऐकून लोक निराश होतात. माझी गाडी सुरुवातीचे काही मीटर सोडले तर पूर्ण वेळ दुसऱ्या गिअरमध्येच होती.

जुलैत पाऊस मी म्हणत होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पुण्यात शिकणारा माझा भाचा सुट्टीला आला होता, त्याने मोबाइलवर एका अल्टोचा व्हिडिओ दाखवला. कसलीही सजावट नसलेली, बंपरला दोरी बांधलेली अल्टो कोनांतून अशी निघाली की मी तो व्हिडिओ सहा वेळा बघितला. भाचा म्हणाला, "मावशी, तुला जमेल. तू लांज्याहून येताना असंच चालवतेस." हे चुकीचं निघालं, पण ते पुढे.

पहिली शंका कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे: सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर शिक्षा. २०१९च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून ऑटोक्रॉस खाजगी जागेवर, परवानग्या काढून, ॲम्ब्युलन्स उभी करून करतात. भाच्याची पुढची सूचना होती, "समुद्रावर सराव कर, वाळूत गाडी मस्त घसरते." नको. समुद्रावरची वाळू खाजगी नाही. खारं पाणी गाडीच्या पोटात गेलं की दोन पावसाळ्यांत पत्रा हातात येतो. शिवाय नोव्हेंबरपासून आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. भरती येतेय आणि पर्यटकाची गाडी चाकापर्यंत रुतून ट्रॅक्टरची वाट बघतेय, हे दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

दुसरी शंका विम्याची. पॉलिसीचं पुस्तक मी दहा वर्षांत पहिल्यांदा उघडलं. 'वापराच्या मर्यादा' अशा मथळ्याखाली स्पष्ट लिहिलेलं असतं की संघटित शर्यत, वेगाची चाचणी, विश्वासार्हता चाचणी यांसाठी गाडी वापरली तर पॉलिसी लागू नाही. जवळजवळ प्रत्येक खाजगी गाडीच्या पॉलिसीत ही ओळ असते. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, हे मला कशाला विचारताय? मी काही ऐकलंच नाही." मी मात्र स्वतःशी ठरवून टाकलं की मैदानावर जे फुटेल ते माझ्या खिशातून. पंधरा हजार वेगळे काढून ठेवले. ते गेले तर चालतील असं वाटत नसेल तर या भानगडीत पडू नका, एवढं मी स्पष्ट सांगेन. जाता-येताना हायवेवर गाडी नेहमीसारखीच विम्यात असते, बंधन फक्त स्पर्धेपुरतं.

गणपती झाले (त्या वर्षी ७ सप्टेंबरला बसले होते), पाहुणे परत गेले आणि गाडी मेस्त्रींकडे नेली. त्यांना खरं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी हात पुसले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "नक्की काय लावायचंय हिला?" काहीच नाही. मला काहीच लावायचं नव्हतं. ज्या गाडीने सोमवारी मुलीला शाळेत सोडायचंय तिचा सायलेन्सर बदलून आरटीओच्या डोळ्यांवर कशाला यायचं? ठरवलं एवढंच की गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती त्याच्या जमेल तितकी जवळ आणायची.

त्यात सगळ्यात उपयोगी काम निघालं ब्रेक ऑइलचं. चार वर्षं बदललं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या हवेत ओलाव्याची कमी नाही. पाणी मिसळलं की त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत तग धरेल असं मानक आहे, आणि ओलावा शोषल्यावर तेच १४०वर येतं. ऑटोक्रॉसमध्ये पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक लागतात, ऑइल उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. मेस्त्रींनी काढलेलं जुनं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. ऑइल आणि मजुरी मिळून सहाशे रुपये. तुम्ही स्पर्धेत उतरा नाहीतर उतरू नका, कोकणात राहत असाल तर दर दोन वर्षांनी हे करून घ्या.

बाकी: पुढचे ब्रेक पॅड, एक लिंक रॉड, हँडब्रेकची केबल ताणून घेतली, अलायमेंट-बॅलन्सिंग. इंजिनाच्या तळाशी तेलाचा चेंबर असतो, त्याखाली लोखंडी गार्ड बसवला, कारण मातीवर जायचं होतं आणि आपल्याकडे चेंबर फुटायला तर साधा गतिरोधकही पुरतो. सगळं मिळून सात हजार आठशे. टायर १६५/८० आर १४, दोन वर्षांचे, तेच ठेवले. बॅटरीचा क्लॅम्प मात्र राहिला. खारट हवेने त्याचा हूकबोल्ट गंजून नटासकट एकजीव झाला होता. मेस्त्रींनी तो कापला आणि बॅटरी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधली. "पुढच्या वेळी नवीन टाकू," म्हणाले. मीही हो म्हटलं.

आता कागद. घाटावरचा एक क्लब राजापूरच्या अलीकडे, हायवेपासून आत, सड्यावर (म्हणजे कातळाच्या पठारावर) ऑटोक्रॉस घेणार असल्याचं भाच्याने कळवलं. तारीख १५ डिसेंबर. मान्यताप्राप्त स्पर्धा असेल तर एफएमएससीआयचं स्पर्धक लायसन्स लागतं. ही मोटर स्पोर्ट्सची देशपातळीवरची संघटना, कार्यालय चेन्नईत, अर्ज ऑनलाइन. आपलं नेहमीचं ड्रायव्हिंग लायसन्स वेगळं आणि हे वेगळं, हे समजायला मला एक दिवस लागला. फी लायसन्सच्या प्रकारानुसार असते आणि बदलत राहते, म्हणून आकडा देत नाही. भरण्याआधी साइटवर बघा, आणि कुठल्या प्रकारचं हवं ते आयोजकांनाच विचारा.

दिवाळी आवरून ६ नोव्हेंबरला अर्जाला बसले. फोटो, ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, रक्तगटाचा दाखला आणि डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र. रक्तगट मला लहानपणापासून तोंडपाठ आहे, पण लॅबचा कागद कधी घरात नव्हता. तो काढला, दीडशे रुपये. डॉक्टर ओळखीचे, त्यांच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या रोज माझ्या काउंटरवर येतात. त्यांनी बीपी बघितलं, डोळे तपासले, सही-शिक्का दिला आणि पैसे घेतले नाहीत. पाचव्या दिवशी अर्ज परत. कारण शिक्क्यातला डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दिसत नव्हता. स्कॅन मीच केलं होतं आणि कडेचा भाग मीच कापला होता. दुसऱ्यांची प्रिस्क्रिप्शनं नोंदणी क्रमांक नाही म्हणून परत करणारी बाई मी! पुन्हा स्कॅन, पुन्हा अपलोड, आणि १९ नोव्हेंबरला लायसन्स आलं.

स्पर्धेच्या प्रवेशअर्जात दोन ठिकाणी अडले. पहिलं, गटाच्या रकान्यात माझं नाव आपोआप 'लेडीज'मध्ये गेलं होतं. त्या गटाबद्दल तक्रार नाही, पण मला माझ्यासारख्या गाड्यांमध्ये स्वतःची वेळ बघायची होती. फोन केला तर लगेच बदलून दिलं. स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसी, म्हणून ११०० ते १४०० सीसीचा गट. दुसरं म्हणजे आरसी. गाडी स्पर्धकाच्या नावावर नसेल तर मालकाचं संमतिपत्र हवं. मी धावतपळत स्टँप पेपर आणायला निघाले होते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४पासून शंभरच्या जागी पाचशेचा स्टँप लागू झाला होता. सुदैवाने वाटेत आयोजकांना फोन केला. साधा कागद आणि सही चालते, म्हणाले. नवऱ्याने रात्री जेवणानंतर लिहून दिलं: "माझ्या मालकीचे वाहन माझी पत्नी स्पर्धेत चालवणार असून माझी हरकत नाही." खाली सही करून म्हणाला, "हरकत असती तर रकाना होता का?" प्रवेश फी अडीच हजार, ऑनलाइन भरली.

४ डिसेंबरला मेसेज आला. स्पर्धा पुढे ढकलली.

कारण ऐकल्यावर राग आला नाही. ठरलेल्या जागेला लागून हापूसची कलमं होती आणि झाडांना मोहोर येऊ लागला होता. बागायतदाराने ग्रामपंचायतीत विचारलं, चाळीस गाड्यांची लाल धूळ मोहोरावर बसली तर जबाबदार कोण? बरोबरच आहे. तुडतुड्यांच्या फवारणीचं बिल काय असतं ते आमच्या लांज्याच्या घरात मी दरवर्षी बघते. क्लबने बागांपासून लांब, आणखी वर सड्यावर दुसरी जागा धरली. चिऱ्यांच्या ट्रकसाठी कधीतरी सपाट केलेली ती खाजगी जमीन. तिथे आधी गावकऱ्यांना बरोबर घेऊन कातळ पायाखाली घातला, म्हणजे एखादं कातळशिल्प चाकाखाली यायला नको. राजापूर तालुक्यात बारसू आहे, देवाचे गोठणे आहे, देवीहसोळ आहे. २०२२मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्यापासून गावागावांत लोक याबाबत जागरूक झालेत. मग पोलिसांचं आणि ग्रामपंचायतीचं सगळं नव्याने. नवी तारीख १९ जानेवारी.

इथे माझ्या डोक्यात जे यायला हवं होतं ते आलंच नाही. लायसन्सची मुदत कॅलेंडर वर्षापुरती असते, ३१ डिसेंबरला संपते. जेमतेम दीड महिना वापरायला मिळालेलं, एकदाही न वापरलेलं लायसन्स ड्रॉवरमध्ये संपलं. ते ७ जानेवारीला आयोजकांच्या फोनमुळे कळलं. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. या वेळी शिक्का पूर्ण दिसतोय ना हे तीनदा बघितलं. १६ तारखेला, म्हणजे स्पर्धेच्या तीन दिवस आधी, मंजुरी आली. तेव्हा वर्षाच्या शेवटी लायसन्स काढणार असाल तर स्पर्धेची तारीख पक्की आहे का ते आधी विचारा.

मधल्या काळात सराव. मामेभावाचं आंबा पॅकिंगचं आवार आहे, चारी बाजूंनी गडगा, सीझन सोडून रिकामं. कोन म्हणून कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून मांडल्या. सात रविवार सकाळी अर्धा-अर्धा तास. यात दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे बसण्याची. रोज मी सीट फार मागे ठेवून चालवते. पाठ टेकलेली ठेवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, इतकं पुढे बसायचं. साध्या बेल्टला घट्ट करायची युक्तीही आहे: बेल्ट लावायचा, सीट दोन खाचा मागे घ्यायची, खांद्याचा पट्टा झटका देऊन लॉक करायचा आणि तसाच धरून सीट पुढे सरकवायची. अंग सीटला चिकटतं, मग स्टिअरिंगला लोंबकळावं लागत नाही. दुसरी नजरेची. मी बाटलीकडे बघायचे आणि बाटलीवरच जायचे. पुढच्या बाटलीकडे बघायला लागले तेव्हा जवळची आपोआप वाचायला लागली. पहिल्या रविवारी अकरा पाडल्या, शेवटच्या रविवारी दोन.

टायरच्या कडेला खडूने रेघा मारून, वळणात टायर किती दुमडतो ते बघायची पद्धत आहे. आवारातल्या सिमेंटवर तीही केली. आमचे टायर उंच गालांचे, खडू जवळजवळ अर्धा बोट पुसला गेला. पुढच्या चाकांत चार पॉइंट हवा वाढवली तेव्हा कमी झाला. मातीवर या खडूचा काही उपयोग नाही, सगळंच लाल होतं.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, पूर्ण तोंड झाकणारं, बावीसशे. नवऱ्याचं अर्धं हेल्मेट चालणार नव्हतं. मोठ्या स्पर्धांना याहून वरच्या मानकाचं लागतं, पण इथे हे चालेल असं आधी विचारून घेतलं होतं. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. पायात मुलीच्या शाळेच्या दुकानातून आणलेले पांढरे पीटीचे कॅनव्हास बूट, साडेतीनशे रुपये. तळ पातळ असतो, पेडल पायाला कळतं. हे बूट माझा सगळ्यात चांगला शोध.

१९ तारखेला पहाटे साडेपाचला निघालो, मी आणि माझे वडील. अण्णांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी रत्नागिरी–कोल्हापूर, आंबा घाटातून. येणार का म्हणून मी विचारलं नव्हतं. आदल्या दिवशी लांज्याहून येऊन राहिले आणि सकाळी टोपी घालून गाडीत बसले. हातखंब्याला चहा घेतला. सडा गाठला तेव्हा सव्वासात झाले होते, थंडी होती, वाळलेल्या गवतावर दव होतं. क्लबची मुलं कोन मांडत होती.

आता स्क्रूटिनी. इथे गाडीची तपासणी होते आणि पास झाल्याशिवाय मैदानावर पाय नाही. पहिली अट, गाडीत सुटी वस्तू एकही नको. मी आदल्या रात्री गाडी रिकामी केली होती, अशी माझी समजूत. तपासणाऱ्या गृहस्थांनी सीटखाली हात घातला आणि एकेक बाहेर ठेवत गेले: मोडकी छत्री, शाळेची पट्टी, दोन सुकलेली आमसुलं, गेल्या मेमधली आंब्याची बाठ, खोकल्याच्या औषधाचं मोजमापाचं टोपण. स्टेपनी आणि जॅकही काढायला लावले. व्हील कॅप काढल्या. चाकांचे नट तपासले, बेल्ट ओढून पाहिले, ब्रेक दाबून पाहिला. मग बॉनेट उघडलं, बॅटरीवर हात ठेवला आणि हलवलं. बॅटरी हलली.

"हे काय बांधलंय?"

"ट्यूब."

त्यांनी मान हलवली. चिडले नाहीत, समजावून सांगितलं. वळणात बॅटरी सरकली आणि तिचं टोक बॉनेटच्या पत्र्याला टेकलं तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते, आणि खाली पेट्रोलच्या नळ्या असतात. "क्लॅम्प लावून आणा. साडेनऊपर्यंत मी इथे आहे."

रविवार सकाळ, सड्यावर. जवळचं स्पेअर पार्टचं दुकान अठरा किलोमीटर, तेही बंद. मला रडू यायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू. अण्णा बॉनेटमध्ये बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "गाडी काढ. खाली गावात कुनी पत्रा घालत असंल." पहिल्या वाडीत नव्हतं. दुसऱ्या वाडीत एका घरी गोठ्यावर पत्रे चढत होते. पत्रा वाशाला पकडायला जे-बोल्ट वापरतात, वाकड्या टोकाचे. अण्णांनी दोन मागितले, घरधन्याने चार दिले आणि चहा पिऊनच जा म्हणाला. तो नाकारता आला नाही. बोल्ट थोडा जाड होता. जुन्या क्लॅम्पची पट्टी गाडीतच होती, तिचं भोक त्यांच्याच कानशीने मोठं केलं. नट आवळून अण्णांनी बॅटरी दोन्ही हातांनी हलवली तर बॅटरीऐवजी गाडी हलली. नऊ पंचवीसला स्क्रूटिनी पास. दारावर सत्तावीस नंबर चिकटला.

या सगळ्यात माझा पायी फेरा हुकला. स्पर्धेआधी अर्धा तास वाट चालून बघायला देतात, तो मी गोठ्यात चहा पीत घालवला. हातात नकाशाचा कागद होता, मला वाटलं पुरे.

पहिली फेरी. हिरवा झेंडा, पहिला गिअर, दुसरा. पाच कोनांची नागमोड बरी गेली. डावीकडचं लांब वळण गेलं. नंतर खांबाला वळसा घालून दोन दरवाज्यांतून (दरवाजा म्हणजे दोन कोनांमधली वाट) निघायचं होतं. खांबापाशी हँडब्रेक ओढला, गाडी मागून फिरली, आवारात फिरायची तशीच छान फिरली, आणि समोर नुसते केशरी कोन. सगळीकडे कोन. नकाशावर जो दरवाजा होता तो शोधेपर्यंत मी दुसऱ्याच दोघांच्या मधून निघून गेले. लाल झेंडा. फेरी बाद. हेल्मेटच्या आत माझाच श्वास एवढा मोठ्याने ऐकू येत होता की मार्शल काय बोलला ते कळलं नाही.

दुपारच्या सुट्टीत वाट पुन्हा चालायला दिली. मी दरवाजे मोजत, तोंडाने पुटपुटत चालले. अण्णा बरोबर होते, पण ते कोनांकडे बघतच नव्हते. मान खाली घालून जमिनीकडे बघत होते, मधेच बुटाच्या टाचेने घासून पाहत होते. "हितं कातळ हाय. हितपासून खर." जांभ्याचा सपाट कातळ जिथे उघडा होता तिथे चाक धरत होतं. जिथे त्याचा लाल चुरा साचला होता तिथे फरशीवर तांदूळ सांडावेत तशी गत. आणि खांबाच्या अलीकडे बारा-पंधरा पावलं चुरा होता, त्याच्या आधी कातळ. मला लांज्याचा रस्ता पाठ आहे, म्हणून मी तो जोरात चालवते. इथला रस्ता सकाळी साडेसहापर्यंत जगात नव्हता. तो पाठ करायचं साधन फक्त पाय.

दुसऱ्या फेरीत वाट बरोबर आली, पण सवयीने ब्रेक खांबाच्या जवळ, चुऱ्यावरच लागला. गाडीत चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, ती जाम झाली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि गाडी नाकासमोर, शांतपणे, कोन घेऊन पुढे. वेळ एक मिनिट १७.४ सेकंद, वर कोनाचे पाच. (या स्पर्धेत कोनाला पाच सेकंद होते, सगळीकडे तेवढेच असतील असं धरू नका. सकाळच्या सूचना नीट ऐका.)

तिसऱ्या फेरीला रांगेत असताना अण्णा खिडकीपाशी आले. वाटलं काही सांगतील. त्यांनी काच पुसली आणि गेले. या वेळी कातळावर असतानाच ब्रेक दाबला, फारच लवकर दाबलाय असं वाटण्याइतका लवकर. चुऱ्यावर पोचेपर्यंत ब्रेक सोडलेला होता, हळूच वळवलं, हँडब्रेकचा नुसता स्पर्श. फेरी इतकी सावकाश वाटली की शेवटच्या चौकटीत थांबले तेव्हा वाया गेली असंच धरून चालले होते. १ मिनिट १२.६, एकही कोन नाही. आमच्या गटातला पहिला ५८.९ला आला, तोही स्विफ्टवालाच, कोल्हापूरचा. म्हणजे उरलेले पावणेचौदा सेकंद गाडीचे नाहीत. मी त्याला जाऊन विचारलं, किती वेळा चाललास? सकाळी तीनदा आणि दुपारी दोनदा, म्हणाला.

परतताना अण्णा हातखंब्यापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "हँडब्रेक उजवीकडचा जास्त धरतोय. दाखव मेस्त्र्याला."

दुसऱ्या दिवशी दाखवला. खरंच जास्त धरत होता. मेस्त्रींनी एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला तर लाल मातीचा छोटा ढीग पडला, तो टाकून नवीन बसवला, तीनशे रुपये. वॉशिंग सेंटरवाल्याने नेहमीच्या दुप्पट पैसे घेतले आणि ते रास्त होते. आठवडा झाला तरी एसी लावला की समोरून अजून धुरळा येतो. जे-बोल्ट मी काढू दिले नाहीत, उरलेले दोन डिकीत आहेत. पंधरा हजार वाचले. बाकीचा सगळा खर्च, दोन वेळची लायसन्स फी सोडून, साधारण सोळा हजार झाला. त्यातले निम्म्याहून जास्त गाडीवर कधीतरी करायचेच होते.

दारावरचा सत्तावीस निघाला, पण गोंदाची खूण राहिलीय. गिऱ्हाईकं विचारतात. लायसन्स या वेळी ३१ डिसेंबर २०२५पर्यंत आहे, आणि मार्चमध्ये कोल्हापूरकडे डांबरावरची एक स्पर्धा आहे म्हणतात. तारीख पक्की आहे का, ते आधी विचारलंय.